दौलतमामांची एकच अट

सकाळची प्रार्थना आटोपून मुलं वर्गाकडे निघाली होती, तेव्हा बाबांचा फोन आला. शाळेच्या वेळेत बाबा कधी फोन करत नाहीत. "कुसमे, दौलत गेला," एवढंच म्हणाले. काय झालं, कसं झालं, हे विचारायचं मला सुचायच्या आतच त्यांनी पुढं विचारलं, "संजूले फोन लावून पाह्य बरं. लाकडं तिथलीच घेऊन राह्यले ना ते? कोनी बाहेरून टॅक्टर भरून तं आनत नाई ना?"

परक्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. सख्ख्या साळ्याच्या मरणाची बातमी देताना कुणी सरणाच्या लाकडांची चौकशी करतं का? पण मला तो लगेच कळला, आणि रडू आलं ते त्या प्रश्नानंच. मी मामेभावाला, संजूला फोन लावला. मामा सकाळी चहा पिऊन ओसरीवर बसले होते, बसल्या बसल्याच कलंडले, असं त्यानं सांगितलं. मग मी विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, तुझ्या बाबांना सांग, आपल्याच बांधावरची बाभूळ हाय. गावाबाहेरचं एक बी फाटं नाई." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मामांबद्दल लिही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. लिहायला बसले की मात्र मी त्या लाकडांशीच येऊन थांबते… म्हणून तिथूनच सांगते.

दौलतमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. तेलुगू मुलखाच्या कडेला, इचोड्याहून आत असलेल्या एका लहान गावात राहायचे आणि लग्नकार्यात स्वयंपाक करायचे. आमच्या भागात त्यांना सगळे 'दौलत आचारी' म्हणूनच ओळखत. वांग्याची भाजी, वरण, मसालाभात आणि बुंदी, एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं. पण त्यांची बुंदी खाल्लेली माणसं अजून ती चव सांगतात. इतर आचारी यजमानाला सामानाची यादी देत, त्यात सरपणही असे. मामांच्या यादीत सरपण नसायचं. ते आपलं लाकूड आपल्या टेम्पोत घालून न्यायचे. "पीठ तुमचं, तेल तुमचं, पन आच माझी," असं म्हणायचे. बाभळीची आच कडक, सागाची भडक, आंब्याच्या लाकडाची आच एकसारखी, बुंदीचा दाणा तिच्यावरच गोल उतरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आंब्याचं लाकूड त्यांना हायवेवर मिळायचं. दूर कुठंतरी जुन्या आमराया तोडल्या जात होत्या आणि त्यांची लाकडं ट्रकवाले इचोड्याला धाब्यांवर स्वस्तात उतरवत होते. त्या आमराया कशासाठी तोडल्या जात होत्या, हे कुणी विचारलं नाही. मामांनीही नाही.

माझं लग्न नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावी, आमच्याच दारात झालं. अंगणाच्या कडेनं बाबांची नऊ आंब्याची झाडं होती, आजोबांनी लावलेली. मंडप त्यांच्याच सावलीत पडला. भाचीचं लग्न म्हणून मामांनी टेम्पो इतका भरून आणला, की लाकडं दोरीनं बांधावी लागली. चर खणून त्यात त्यांनी आच लावली आणि दोन दिवस तिथून हलले नाहीत. पाठवणीच्या वेळी सगळ्यांनी हाका मारल्या तेव्हा कुठं धुरानं लाल झालेले डोळे पुसत आले. माझ्या हातात बुंदीचा डबा दिला आणि "सासरी पहिल्या दिवशी कोनी विचारलं नाई जेवलीस का, तं हे खाजो," म्हणाले. उरलेली लाकडं परत न्यायची त्यांची पद्धत नव्हती. बाबांनी ती झाडांच्या बुडाशी नीट रचून ठेवली. आईला हिवाळाभर पाणी तापवायला होतील, म्हणून.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी माहेरी आले, तर विहिरीकडच्या झाडाचा अर्धा शेंडा वाळलेला होता. बाबा म्हणाले, पाणी कमी पडलं. पावसाळा झाला तरी फूट आली नाही, उलट शेजारच्या दोन झाडांचीही पानं गळायला लागली. बुडाशी लाकडाचा भुसा पडायचा, आईनं सकाळी झाडला की संध्याकाळी पुन्हा तेवढाच. खोडातून डिंकासारखं काळपट पाणी वाहायचं. बाबांना आधी शेजाऱ्याचा संशय आला. बांधावरून त्यांचं जुनं भांडण होतं. कुणीतरी मुळाशी औषध टाकलं असणार, असं ते उघड बोलायला लागले. शेजाऱ्याशी येणं-जाणं बंद झालं. मग कुणाच्या तरी ओळखीनं शेतकी खात्यातला एक तरुण अधिकारी झाडं पाहायला आला. तेलुगू मुलगा, आमच्याशी हिंदीत बोलत होता. त्यानं साल सोलून दाखवली. आत बोटाएवढी जाड, पिवळसर पांढरी अळी होती आणि तिनं पोखरलेला बोगदा वरपर्यंत गेला होता. खोड पोखरणाऱ्या भुंग्याची ती अळी. तो भुंगा सालीच्या भेगेत अंडी घालतो, आणि बाहेरून कळेपर्यंत झाड आतून खलास झालेलं असतं. "ये पुरुगु इस गाव में मैंने पहले नहीं देखा," तो म्हणाला. पुरुगु म्हणजे तेलुगूत किडा. "खुद इतना दूर नहीं आता. बाहर से कुछ लकडी आयी थी क्या?"

बाबा म्हणाले, "नहीं साब, हमारे यहाँ बाहर की लकडी कौन लाता?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या खरंच ध्यानात नव्हतं. साळ्यानं लग्नात आणलेलं सरपण म्हणजे 'बाहेरचं लाकूड', असं कुणाच्या मनात येणार? मामा त्या दिवशी आईला भेटायला म्हणून आले होते आणि तिथंच बाजेवर बसून होते. मी त्यांना पाहत होते, म्हणून मला आठवतं. ते उठले, झाडाखालच्या त्या उरलेल्या लाकडांशी गेले, वरची दोन-चार बाजूला सारली. खालच्या लाकडांना बोट जाईल एवढी गोल भोकं होती. भुंगे बाहेर पडून गेल्याच्या खुणा. मामांनी एका भोकात करंगळी घातली, काढली… आणि पायात चपला घालून निघून गेले. जेवण तयार होतं. आई हाका मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते परत आले. हातात स्टीलचा डबा होता. घरी जाऊन त्यांनी आपल्या खोपटातली आंब्याची लाकडं एकेक करून फोडली होती आणि तिसऱ्याच लाकडात जिवंत अळी निघाली होती. तो डबा त्यांनी बाबांपुढे उघडून ठेवला. "भाऊजी, हे मी आनलं. कुसमीच्या लग्नात. शेजाऱ्यानं काई केलं नाई. त्याले बोलावून आना, मी त्याच्यासमोर सांगतो." आणि खरंच शेजाऱ्याला बोलावून, चार माणसांत, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. ते गप्प राहिले असते तर कुणालाही, कधीही कळलं नसतं. मी आज शाळेत मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला सांगते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो स्टीलचा डबा येतो.

बाबांनी ऐकून घेतलं. शेजाऱ्याची माफी मागितली. मग मामांकडे न बघता म्हणाले, "तू जा आता." त्यानंतर वर्षभर ते मामांशी बोलले नाहीत.

पाच झाडं पाडावी लागली. पाडलेली लाकडं धाब्यावर विकायची नाहीत, हलवायची नाहीत, इथंच जाळायची, असं अधिकाऱ्यानं बजावलं होतं. आजोबांनी लावलेली झाडं बाबांनी आपल्याच अंगणात पेटवली. चार झाडांत किडा नुकताच शिरला होता, ती वाचण्यासारखी होती. ती मामांनी वाचवली. दर पंधरा दिवसांनी ते यायचे. सायकलच्या तारेला आकडा करून भोकातली अळी ओढून काढायचे, रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस आत सारायचे, वरून चिखलानं भोक लिंपायचे. बाबा ओसरीवर बसलेले असायचे, पण एक शब्द बोलायचे नाहीत. मामाही घरात यायचे नाहीत. तहान लागली तर हातपंपावर पाणी प्यायचे आणि जायचे. आई आतून दोघांनाही बघत राहायची. असं वर्ष गेलं. मग एका दिवशी मामा चिखल कालवत असताना बाबा ओसरीवरून उतरले, जवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पातळ झाला चिखल." मामा म्हणाले, "मंग तुमीच कालवा." बाबा खाली बसले आणि कालवायला लागले. आईनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती आणि डोळे पुसत होती. त्या दुपारी मामा घरात जेवले.

पण मामांचं खरं काम आमच्या अंगणाबाहेरचं होतं. आपलं लाकूड आणखी कुठं कुठं गेलं, हा विचार त्यांना बसू देईना. त्यांच्याकडे वही नव्हती. त्यांना लग्नं आठवायची ती पदार्थांवरून. बुंदीचा पाक पुढं गेला होता ते गाव, वरणात मीठ कमी पडलं होतं ते गाव, पंगतीत वरातीतला घोडा शिरला होता ते गाव. अशी एकेक गावं आठवून ते निघाले. जवळची मोटारसायकलवर केली, दूरची बसनं. प्रत्येक दारात जाऊन एकच विचारायचे, "माझं उरलेलं सरपन कुठं ठेवलं तुमी?" असेल तर तिथंच जाळायला लावायचे. नसेल तर आजूबाजूच्या आंब्यांची बुडं बघायचे. काही ठिकाणी लोक हसले. एका गावात एका माणसानं, "लाकूड परत मागायला आला काय रे, एवढा गरीब झाला काय?" असं सगळ्यांसमोर म्हटलं. दुसऱ्या गावात दोन झाडं गेली होती. तिथल्या म्हातारीनं मामांना तोंडाला येईल ते सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. तिचं बोलून संपलं तेव्हा म्हणाले, "आजी, राह्यलेलं तिसरं झाड मले दाखवता का?" ते झाड वाचलं. पुढं ती म्हातारी दर साली त्याचे आंबे मामांकडे पाठवायची.

सगळ्यांत लांबचं गाव बेज्जूरकडचं होतं, पार रानाच्या कडेला. तिथं त्यांनी एकच लग्न केलं होतं. मी म्हटलं, "मामा, एवढ्या लांब काऊन जाता? फोन करा ना." ते म्हणाले, "फोनवर मानूस सांगते, सगळं बरं हाय. त्याले भुसा दिसत नाई. आन् तिथं आंबे दोनच असतील, पन मांगं सारं रान हाय, बाई. रानाले दार नसते." दोन बस बदलून गेले. तिथं उरलेली लाकडं गोठ्याच्या मागं तशीच पडलेली सापडली. किडा त्यातच होता, अजून बाहेर पडला नव्हता. यजमान आणि मामा, दोघांनी मिळून ती जाळली. परत आल्यावर मामा दोन दिवस झोपून होते. तिसऱ्या दिवशी उठून आईला म्हणाले, "ताई, एक तं वाचलं."

त्यानंतर त्यांनी टेम्पो विकून टाकला. कुणी स्वयंपाकाचं बोलायला आलं, की आधी अट सांगायचे. लाकूड तुमच्याच गावचं पाहिजे. बाभळीचं असो, कडुलिंबाचं असो, तुरीच्या वाळल्या तुऱ्हाट्या असोत, मी त्यावर भागवीन, पण गावाबाहेरचं फाटं चुलीत घालणार नाही. उरलेलं लाकूड गावाबाहेर जाणार नाही. ज्या माणसाला आंब्याच्या आचेशिवाय बुंदी पाडायची नव्हती, तो माणूस तुऱ्हाट्यांच्या भडक जाळावर बुंदी पाडायला शिकला, वयाच्या पन्नाशीत. पहिल्या काही पंगतींना दाणा चपटा आला, लोकांनी नावं ठेवली. काही घरांची कामं तुटली. बाकीचे आचारी टेम्पो भरून लाकूड आणत होते, यजमानाला कटकट नव्हती. मामा बोलावण्याची वाट बघत राहिले.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे, आणि त्यात माझीही एक चूक आहे, तीही सांगते. इचोड्यात एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. ती मुलगी माझी विद्यार्थिनी. स्वयंपाक मामांचा. सकाळी मी मंडपात पोचले तर चुलींशी गर्दी जमलेली. यजमानांनी अट मान्य केली होती, पण आदल्या दिवशी हायवेवर स्वस्त मिळालं म्हणून आंब्याच्या लाकडांचा ट्रकच उतरवून घेतला होता. उरलेलं आपल्या शेतावर पाठवायचा त्यांचा बेत होता. मामांनी एक लाकूड दगडावर आपटलं. भुसा सांडला. मामा म्हणाले, "सेठजी, स्वयंपाक मी करतो. पन यातलं एक बी फाटं तुमच्या शेतावर जानार नाई. सारं आजच, इथंच जळलं पाहिजे." यजमान तडकले. "तू आचारी हायस. फॉरेस्टवाला नाईस. चूल पेटव." मामांनी हातातला झारा खाली ठेवला आणि उपरणं अंथरून जमिनीवर बसले. "मंग मी बसतो. तुमी दुसरा आचारी पाहा."

वऱ्हाड हायवेवर येऊन पोचलं होतं. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन हाय हो हा येडा?" आणि मी… मी क्षणभर काही बोलले नाही. माझ्या शाळेतले लोक होते, पालक होते. मग मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, सहजच. ती नजर मला सहन झाली नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "माझे मामा आहेत." आणि पुढं जाऊन यजमानांना म्हणाले, "सेठजी, माझ्या वडलांची पाच झाडं गेली अशी. तुमच्या शेतावर किती आहेत?" यजमानांची म्हातारी आई खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. शेतावरची आमराई तिच्या हातची होती. ती मुलाला एवढंच म्हणाली, "सतरा हायत. तो सांगते तसं कर."

पंगती वेळेवर उठल्या. त्या दिवशीची बुंदी मी जन्मात विसरणार नाही, मामांना कित्येक वर्षांनी आंब्याची आच मिळाली होती ना! पण त्यांनी स्वतः ती चाखली नाही. मदतनीस घरी गेले, वरात गेली, आणि मामा दिवस मावळेपर्यंत चराशी बसून एकेक लाकूड आत ढकलत राहिले. राख होईपर्यंत उठले नाहीत. मीही शेजारी बसून होते. "मघाशी मी लगेच बोलले नाही, मामा," मी म्हणाले. ते म्हणाले, "बोललीस ना पन. मले बी त्या दिवशी भाऊजीसमोर लगेच कुठं बोलता आलं? एक रात लागली." मग तीच म्हातारी स्वतः ताट घेऊन आली आणि मामा जेवेपर्यंत उभी राहिली. पुढच्या वर्षी तिच्याच ओळखीतल्या तीन घरांनी मामांना बोलावलं, तीही त्यांच्या अटीसकट.

शेवटची काही वर्षं मामांना काम कमी झेपायचं. पण माझ्या शाळेत ते वर्षातून एकदा यायचे. मुलांना भुसा कसा ओळखायचा, भोक कसं बुजवायचं, हे सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "हा किडा गावात कोनं आनला?" मुलं वेगवेगळी उत्तरं द्यायची. वारा, पाऊस, पक्षी. मामा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मी आनला." मला आधी वाटायचं, आता कशाला सांगतात हे, झालं ते झालं. नंतर कळलं, की मुलांच्या लक्षात तेवढंच राहतं. किड्याची माहिती पुस्तकात मिळते. चूक केलेला माणूस समोर उभा राहून ती सांगतो आणि मग ती निस्तरायची कशी तेही दाखवतो, हे पुस्तकात कुठं मिळणार?

गेल्या आठवड्यात माझ्या एका सहकारी बाईंच्या घरी गेले होते. निर्मल शहराच्या बाजूचं गाव, मामा तिकडं कधी गेलेही नसतील. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा स्वयंपाक ठरवायला एक तरुण आचारी आला होता. तेलुगू बोलणारा, कानात बाळी, मोबाइलवर यादी लिहून घेत होता. तांदूळ, तेल, गूळ सगळं सांगून झालं आणि शेवटी त्यानं मान वर करून सहज म्हटलं, "कट्टेलु मी ऊरिवे कावाली." लाकडं तुमच्याच गावची पाहिजेत. मी माझ्या मोडक्या तेलुगूत विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? त्याला प्रश्नच कळला नाही. खांदे उडवून म्हणाला, "अंदरू अट्लने चेस्तरु." सगळे असंच करतात.

रविवारी मी बाबांकडे गेले. ते अंगणात बाजेवर पडले होते. सगळं सांगितलं. आचारी कुठला, काय म्हणाला, मी मामांचं नाव घेतलं तर तेही त्याला ठाऊक नव्हतं, हेसुद्धा. बाबा आढ्याकडे बघावं तसे वर फांद्यांकडे बघत राहिले. मग उठून बसले, कान माझ्याकडे केला आणि म्हणाले, "तेलुगूतनं सांग बरं पुन्हा एकदा. तो जसा म्हनला तसंच."